आत्याचा वेडा गप्प का होता

माझी आत्या वस्तू मोडते आणि त्याचा तिला पगार मिळतो. वर त्या वस्तू मुळात नसतातच. हे मी कॉलेजात सांगितलं की सगळे माझ्याकडे असे बघतात, की बिचारी, हॉस्टेल मिळालं नाही म्हणून कुठल्या घरात जाऊन पडली. तर नीट सांगते.

एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर चालवता येतो. आपण खोटे आहोत हे त्याला माहीत नसतं. त्याला वाटतं आपल्याला साउंड कार्ड आहे, नेटवर्क कार्ड आहे, डिस्क आहे. खरं तर बाहेर एक प्रोग्राम बसलेला असतो आणि तो "हो हो, मीच साउंड कार्ड" असं सोंग घेऊन उभा असतो. आत्याची कंपनी ही सोंगं बनवते. एका मोठ्या मशीनवर अशी कितीतरी खोटी मशीनं, प्रत्येक वेगळ्या गिऱ्हाइकाचं, एका बिल्डिंगमधल्या भाडेकरूंसारखी. आता एखाद्या भाडेकरूने मुद्दाम साउंड कार्डाला काहीतरी येडपट हुकूम सोडला आणि सोंगाड्या गडबडला, तर भिंतीला भोक पडतं. आणि भोकातून तो शेजाऱ्याच्या घरात. म्हणजे एखाद्या दवाखान्याची सगळी माहिती एखाद्या भामट्याच्या मांडीवर!

म्हणून आत्या त्या सोंगाड्यांवर वेडा सोडते. वेडा म्हणजे तिने बनवलेला प्रोग्राम. तो नुसता बरळतो. कुठलाही आकडा, कुठल्याही पत्त्यावर, कुठल्याही क्रमाने. एक सेकंदाचं गाणं वाजव पण लांबी उणे कर. वाजवायच्या आधी थांबव. थांबवल्यावर परत थांबव. दिवसरात्र न थकता चालू. एखाद्या बरळण्याने सोंगाड्या कोसळला की आत्या खूश. मग ती बसून त्या मैलभर बडबडीतून नेमकं कोणतं वाक्य लागलं ते शोधते, बाकीचं सगळं कापून टाकते, आणि उरलेले तीनचार हुकूम ज्याने कार्ड लिहिलं त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवते. मांजर उंदीर आणून ठेवतं ना, तशी.

"आमच्या घरात मी जोडतो आणि ही मोडते," काका म्हणतात. काका दातांच्या कवळ्या बनवतात. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, त्यावर ओळीने लोकांचे जबडे. मागच्या खोलीत आत्याचा स्क्रीन. मधल्या खोलीत मी. एका बाजूने घासण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूने आत्याचं "पड, पड, पड ना रे बाबा." अशा घरात अभ्यास करते मी, टक्के विचारू नका.

आत्या आधी टेलिफोनच्या कारखान्यात होती. तिथे ती फोन जमिनीवर आपटायची. खरंच, तेच काम होतं. तेव्हापासून हात शांत नाही. फर्निचरच्या दुकानात गेलो की ही प्रत्येक खण दोनदा उघडते, मग दोन खण एकदम उघडते, मग कपाटावर रेलून बघते. दुकानदार म्हणतो, "ताई, घ्यायचंय का?" ही म्हणते, "पडलं नाही तर घेईन." लिफ्टमध्ये वरचं आणि खालचं बटण एकत्र दाबते. माझा कॉलेजचा फॉर्म भरताना म्हणाली, "वयाच्या जागी उणे सात टाक बघू." टाकलं. घेतलं त्यांनी! आत्या दिवसभर आनंदात होती.

तर अशा बाईचा वेडा बंद करायचं ठरलं.

ठरवलं तिच्या साहेबांनी. त्यांना ऑफिसात सगळे पाठीमागे कॅलेंडर म्हणतात, कारण माणूस तारखेशिवाय बोलतच नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नवीन कार्डांचा जो गठ्ठा आहे, त्यावर वेडा कितीतरी महिने बरळतोय आणि एकही कार्ड पडलेलं नाही. आत्याने प्रत्येकावर "तपासलं, स्वच्छ" अशी सही केलेली आहे. मग ती सगळी महागडी मशीनं कशाला गरम करत बसायची? महिना संपला की बंद. नवीन आवृत्ती बाहेर काढायची आणि आत्याला बसवायचं मॅन्युअल लिहायला.

"मॅन्युअल!" आत्या घरी येऊन म्हणाली. "कलम एक, कलम दोन. मी!"

"मग भांड ना," मी म्हटलं.

"काय म्हणून भांडू? काही सापडत नाही हे खरंच आहे."

"सगळं चांगलं असेल म्हणून सापडत नसेल," काका कवळी घासत म्हणाले.

"तुमच्याकडे कधी कोणी आलंय का, ज्याचा एकही दात किडलेला नाही?"

"माझ्याकडे ज्यांना एकही दात नाही ते येतात."

मला हसू आलं, तिला आलं नाही. ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आत्या कधी दार लावत नाही.

रविवारी दुपारी मी तिच्या खोलीतून गॅलरीत कपडे वाळत घालायला निघाले तेव्हा ती शेवटचा रिपोर्ट लिहीत होती. म्हणजे लिहीत नव्हती, बघत बसली होती. म्हणाली, "जाता जाता एक खड्डा खणून बघते."

खड्डा ही तिची जुनी पद्धत. वेडा नीट काम करतोय की नाही हे कसं कळणार? तर कार्डाच्या कोडमध्ये आपणच मुद्दाम एक चूक घालायची. इथे पाय पडला की कोसळ, असा सरळसोट खड्डा. मग वेड्याला सोडायचं. तो पडला तर वेडा शाबूत. पडला नाही तर वेडा आंधळा. ती म्हणते, कार्ड तपासायच्या आधी तपासणारा तपासायचा. सगळ्या जुन्या कार्डांना तिने हे केलं होतं. या नव्या गठ्ठ्याला केलं नव्हतं.

सुताराचं साउंड कार्ड घेतलं तिने. सुतार म्हणजे तिचा ऑफिसातला सगळ्यात जुना मित्र. ही नवीन कार्डं लिहिणारा तोच, खोकी ठोकावीत तशी कार्डं बनवतो म्हणून सुतार. त्याच्या कार्डाच्या उंबऱ्यावरच तिने खड्डा खणला. कोणताही हुकूम आला की मर. इतका मोठा खड्डा की चुकवताच येणार नाही.

वेडा सोडला. आम्ही बघत बसलो. मी सगळे कपडे वाळत घालून परत आले. तो आपला मजेत बरळतोय. पडतच नाही.

"म्हणजे चांगलं आहे ना?" मी म्हटलं. काय पण बोलले मी.

आत्याचा चेहरा बघितला आणि मी हातातली बादली खाली ठेवली. ती पांढरी पडली होती. खरंच, पुस्तकात लिहितात तशी. म्हणाली, "तो त्या घरात गेलाच नाहीये. कधीच."

मग तिने शोधलं. मला ते समजावायला तिला तीनदा सांगावं लागलं, तुम्हाला मी एकदाच सांगते. खरं मशीन चालू होतं ना, तेव्हा आधी एक छोटा प्रोग्राम उठतो आणि प्रत्येक कार्डाला पत्ता देतो आणि त्याचं बटण चालू करतो. वेडा हे सगळं वगळतो, कारण त्याला घाई असते, दरवेळी मशीन उठवत बसला तर बरळणार कधी? म्हणून पत्ता देणं आणि बटण चालू करणं हे आत्याला हाताने लिहून द्यावं लागतं. नव्या गठ्ठ्यासाठी तिने ते जुन्या कार्डांवरून उचलून चिकटवलं होतं. आणि नव्या कार्डांचं बटण दुसरीकडे असतं. बास. कार्डं चालूच झाली नव्हती. वेडा इतके महिने एका रिकाम्या प्लॉटवर उभा राहून ओरडत होता. आणि रिकाम्या पत्त्यावर काही पाठवलं तर हे सॉफ्टवेअर तक्रारही करत नाही, सभ्यपणे एक ठरलेलं उत्तर देतं आणि सोडून देतं. कोण कोसळणार? कोण होतंच तिथे?

"पण वेडा चालू असताना तू स्क्रीनवर आलेख बघायचीस ना? कार्डाचा किती कोड चालून झाला त्याचा?"

"थोडा वर जाऊन सपाट झालेला दिसायचा. कार्ड जन्माला येतं तेवढा कोड चालायचा. मला वाटलं, सपाट झाला म्हणजे सगळं बघून झालं." तिने डोळ्यांवर हात ठेवले. "सपाट झाला म्हणजे दार बंद आहे, हेही असू शकतं ना गं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवते मी."

मग तिने बटण चालू केलं, मोठा खड्डा बुजवला आणि वेड्याला परत सोडलं. आणि बाई गं! तो उंबऱ्यावरून आत गेला आणि लगेच कोसळला. खराखुरा. साउंड कार्डाला सांगायचं की रेकॉर्डिंग सुरू कर, आणि सुरू असतानाच सांगायचं की आवाज साठवायचा डबा आता लहान झालाय. सुताराचं कार्ड जुन्याच मापाने ओतत राहतं. सगळं डब्याबाहेर, दुसऱ्यांच्या जागेत. भिंतीला भोक म्हणतात ते हेच, आत्याच्या भाषेत बग.

मी टाळ्या वाजवल्या. "सुटलीस! आता वेडा बंद करतच नाहीत! बग सापडला!"

आत्याने सुताराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून हुकूम वाचून दाखवले. तो म्हणाला, "मोडलंस अखेर. रविवारी दुपारी माणसाला झोपू देत नाहीस."

"हे पुढचं ऐक." आणि तिने त्याला बटणाचं सांगितलं.

सुतार झोपेतून खाडकन उठून बसल्यासारखा वाटला. "हे कोणाला सांगितलंस?"

"तुला. आणि ही भाची बसलीये."

"भाचीला म्हणावं तोंड मीट. आणि तूही मीट. अगं, उद्या सांग, बग सापडला. वेडा सुधारला, नवीन बग सापडला, अजून सापडतील, मशीनं बंद करू नका. संपलं! मागचं कशाला उकरतेस? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि बाकीची कार्डं? सगळ्यांवर माझी सही आहे. आवृत्ती निघतेय."

"ती हळूच परत तपास."

"तपासून होईपर्यंत कॅलेंडर थांबेल? कशासाठी थांबेल? स्वच्छ कार्डांसाठी?"

"तुझी खुर्ची जाईल, बाई. सगळं आयुष्य तू एकच गोष्ट विकलीस, तुझी सही. खाजवून खरूज काढतेस तू."

"तुझी कार्डं आहेत म्हणून बोलतोयस?"

"माझी कार्डं गेली खड्ड्यात! मी तुझ्यासाठी बोलतोय," असं म्हणून त्याने फोनच ठेवला.

आणि आता मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. कारण तिने ते कधी चिकटवलं होतं ती तारीख बघताच मला कळलं होतं. तो नवा गठ्ठा आला तो आठवडा म्हणजे माझ्या बाबांचं ऑपरेशन. बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आई आणि मी नुसत्या रडत होतो. आत्या दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची, डॉक्टर आला की उठायची, औषधं आणायची, परत येऊन टाइप करायची. तिथेच तिने ते उचलून चिकटवलं होतं. म्हणजे हे सगळं आमच्यामुळे झालं होतं!

"हे सांग त्यांना," मी म्हटलं. "सांग की भाऊ आत टेबलावर होता. कोण काय बोलेल मग? दगड पण विरघळेल."

"नाही."

"का नाही? खरं आहे ना ते?"

"खरं आहे. पण माझ्या भावाचं आजारपण मी रिपोर्टात घालणार नाही." मग जरा नरमून म्हणाली, "हे बघ, सांगितलं की ते म्हणतील, असू दे, बिचारी. आणि बिचारीचं काय करतात? माफ करतात आणि विसरतात. कार्डांकडे बघायचं राहून जातं. मला माफी नको आहे. त्यांना भीती वाटायला हवी आहे."

मी चिडले. इतकी चिडले की पुढच्या खोलीत जाऊन काकांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा तिला. काकांनी हातातला जबडा खाली ठेवला. "आपलेच दात, आपलेच ओठ," ते म्हणाले. "चावलं तर चावलं. ती चूक सांगणारच, कारण सांगणार नाही. तू तिला ओळखत नाहीस का?"

सोमवारी सकाळची मीटिंग तिने घरूनच घेतली, जेवणाच्या टेबलावर. मी समोरच्या बाजूला, कॅमेऱ्यात न दिसेन अशी. कॉलेज बुडवलं. कॅलेंडर साहेब, सुतार आणि अजून काही चौकोनी चेहरे होते.

"मॅडम, शेवटचा रिपोर्ट आज देणार होतात," कॅलेंडर म्हणाले. "गुरुवारी मशीनं बंद, पुढच्या सोमवारी आवृत्ती."

"देतेय," आत्या म्हणाली. आवाज अगदी साधा. "नव्या कार्डांवरच्या माझ्या सगळ्या सह्या मी मागे घेतेय. ती कार्डं तपासलेलीच नाहीत."

एकाने स्वतःचा माइक बंद आहे का ते बघितलं.

"तपासलेली नाहीत म्हणजे? महिनोन्महिने मशीनं चालली. बिलं मी भरली."

"मशीनं चालली. कार्डं चालू नव्हती. बटण चालू करायचं मी चुकले. खड्डा खणून बघायला हवा होता, तो खणला नाही. काल खणला." आणि तिने साउंड कार्डाचा बग स्क्रीनवर लावला. चार हुकूम. चौथ्याला सगळं कोसळलेलं. "दार उघडल्यावर हा लगेच सापडला. बाकीच्यांत काय आहे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

"म्हणजे तुमच्या सहीला काही अर्थच नाही?"

मी टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. म्हणजे सांग ना बाबांचं, आता तरी सांग.

तिने माझा हात हळूच बाजूला केला. "या कार्डांवरच्या सहीला नाही. जुन्या कार्डांचे खड्डे मी खणले होते, त्यांचे पुरावे आहेत, ते कोणीही परत चालवून बघावेत. माझ्या शब्दावर जाऊ नये."

"असं का झालं पण? तुम्ही इतक्या जुन्या..."

"चूक झाली."

एवढंच. दोन शब्द. मला तिथे उभं राहून ओरडावंसं वाटत होतं.

मग सुताराने माइक चालू केला. मला वाटलं आता हा भांडणार. तो म्हणाला, "कार्ड माझं आहे. तिचा 'स्वच्छ' शेरा आला तेव्हा मीही एकदा विचारायला हवं होतं, की माझं कार्ड आणि एकही बग नाही? आजपर्यंत असं कधी झालंय का? मी पेढे वाटल्यासारखा हिंडलो. आवृत्ती थांबवा साहेब. मी लिहिलेलं मला माहीत आहे."

कोणीतरी हसलं. कॅलेंडर हसले नाहीत. त्यांनी बराच वेळ खाली बघून काहीतरी केलं, तारखाच हलवत असणार. मग म्हणाले, आवृत्ती थांबेल. मशीनं चालू राहतील. पण यापुढे सही मॅडमची नाही, दुसऱ्या टीममधलं कोणीतरी खड्डे खणेल, मॅडमना न सांगता, आणि वेडा त्यात पडला तरच सही होईल. विभागप्रमुख म्हणून मॅडमचं नाव काढावं लागेल, वर उत्तर द्यायचं आहे.

"हो, बरोबर आहे," आत्या म्हणाली. "खड्डे दुसऱ्यानेच खणले पाहिजेत. हे आधीच व्हायला हवं होतं."

स्क्रीन बंद झाला. मी रडत होते. ती नव्हती. मी म्हटलं, तुझं पद गेलं. ती म्हणाली, "वेडा राहिला ना." आणि मग, मी पाणी आणायला उठले तेव्हा, मागे वळून बघितलं तर ती दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसली होती आणि बंद स्क्रीनकडे बघत होती. मी बघितलं असं दाखवलं नाही. काकांनी दाखवलं. ते आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. बोटांना कवळीचा गुलाबी भुगा तसाच.

त्या आठवड्यात मी तिच्या ऑफिसात गेले होते. ती चष्मा विसरली होती, तो द्यायला. ती आता तळमजल्यावर मशीनच्या खोलीबाहेर बसते, पंख्यांचा इतका आवाज की एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. बाजूला सुतार खुर्ची उलटी करून बसलेला, दोघं कचाकचा भांडत होते.

"हा बग नाही, असा हुकूम कोणी शहाणा देणारच नाही!"

"शहाण्यांसाठी मला कोण पगार देतं?"

"अगं, पण हे नेटवर्क कार्ड आहे, त्याला इतक्या उलट्या क्रमाने..."

"पडलं की नाही?"

"पडलं."

"मग?"

सुताराने कपाळावर हात मारला आणि दुरुस्ती लिहायला घेतली. तेवढ्यात कॅलेंडर साहेब जिन्यावरून खाली आले. मला वाटलं आता तिला परत काहीतरी ऐकवणार, मी तर चष्म्याची डबी घट्ट धरून भांडायच्याच तयारीत होते. ते तिच्यामागे उभे राहिले. स्क्रीनवर वेड्याचे हुकूम धडाधड वर सरकत होते.

"मॅडम," ते ओरडून म्हणाले, "सगळी कार्डं कधीपर्यंत होतील?"

"माहीत नाही," आत्या वळून न बघता ओरडली.

"साधारण?"

"साधारणही माहीत नाही. माहीत झालं असं वाटलं, तेव्हाच फसले होते."

त्या माणसाला कोणी असं उत्तर देत नसणार. साहेबांनी कोपऱ्यातलं एक स्टूल ओढलं, रुमालाने पुसलं, आणि तिच्या शेजारी बसून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "बरं. हे वाचायचं कसं, ते दाखवा."

आत्याने माझ्याकडे न बघताच हात मागे केला. मी तिच्या हातात चष्मा ठेवला. तिने तो लावला, बोट स्क्रीनवर टेकवलं आणि अगदी पहिल्या ओळीपासून सांगायला लागली.